मार्केल्लाचा नऊ वर्षांचा दात

बेटावरच्या पिर्गी गावातल्या बायका थंडीत मस्तकी निवडायला एखाद्या घरी जमल्या, की खिडकीजवळची खुर्ची मार्केल्लासाठी रिकामी ठेवत. मानासाठी नव्हे, सोयीसाठी. उन्हाळ्यात झाडांना चिरा देऊन गोळा केलेला तो चघळायचा डिंक धुऊन, चाळून टेबलावर पसरलेला असायचा, आणि बारीक सुऱ्यांनी एकेका थेंबाची माती खरवडणं चालू असायचं. एखादा थेंब वरून स्वच्छ, पण आतून कसा आहे अशी शंका आली, की तो सरकत सरकत मार्केल्लापुढे यायचा. ती तो समोरच्या दातांत धरून हलकेच दाबायची, जरा थांबायची, आणि "चांगला" नाहीतर "खालच्या ढिगात" एवढंच म्हणायची. त्यावर वाद नाही. फार तर एखादी म्हणायची, "इतकी पारख होती, तर नवरा तेवढा न चावता कसा घेतलास ग?" आणि मार्केल्ला सगळ्यांबरोबर हसायची. हसताना मात्र तिचा हात आपसूक तोंडावर जायचा, कारण समोरचा एक दात लहानपणापासून राखाडी होता.

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी अथेन्सला संसारात होती. मस्तकीची झाडं, बायकांचा हा घोळका आणि भिंतीला भिंत लावून राहणारा थोरला भाऊ स्त्रातिस, एवढ्यात तिचं बरं चाललं होतं. स्त्रातिसनं पस्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेली. आता जमिनीवर आल्यापासून तो गावातल्या प्रत्येक पंपाचं नाक कान तपासत हिंडायचा, आणि संध्याकाळी बहिणीच्या ओट्यावर बसून तिच्या स्वयंपाकात खोड काढायचा.

मार्केल्लाला एक्कावन्न पूर्ण झाली त्या नोव्हेंबरात राखाडी दाताच्या वर, हिरडीवर, तिला मुगाएवढी पुळी आली. दुखत नव्हती. दाबली की खारट, कुबट असं काहीतरी जिभेवर उतरायचं. मिठाच्या पाण्यानं चुळा भरून तिनं ते दोन आठवडे चालवून घेतलं. पण एके दिवशी तिनं लागोपाठ चार थेंब खालच्या ढिगात टाकले, आणि शेजारच्या बाईनं त्यातला एक उचलून, उजेडात धरून, काही न बोलता परत वरच्या ढिगात ठेवला. मार्केल्लानं ते पाहिलं. थेंब चांगलेच होते. वाईट चव तिच्या तोंडातली होती. दुसऱ्या दिवशी ती बसनं शहरात, दाताच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर म्हणजे अर्गिरो. शेजारच्या मेस्ता गावची मुलगी, तेहतीस वर्षांची, थेस्सालोनिकीला शिकून परत बेटावर आलेली. तिच्या आईला मार्केल्ला ओळखत होती, म्हणून पहिल्या वाक्यापासूनच मावशी आणि पोरी सुरू झालं. अर्गिरोनं दातावर थंड बोळा लावून पाहिला, ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला, आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, या दाताला मार कधी लागला होता?

नऊ वर्षांची होते, पायऱ्यांवरून पडले, असं मार्केल्लानं सांगितलं. बेचाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती.

अर्गिरोनं पडदा तिच्याकडे वळवला. शेजारच्या दाताचं मूळ गाजरासारखं लांब, निमुळतं होत गेलेलं होतं. या दाताचं मूळ आखूड होतं, भिंती पातळ, आणि शेवटचं टोक मिटायच्या ऐवजी नरसाळ्याच्या तोंडासारखं उघडं. त्या तोंडाशी एक काळसर सावली होती.

"दात बाहेर आला तरी मूळ आतून आणखी तीन-एक वर्षं वाढत असतं, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या दाताचा जीव त्या मारानं गेला आणि मुळाचं काम तिथेच थांबलं. तुम्ही एक्कावन्नच्या झालात. हा अजून नऊ वर्षांचाच आहे."

मार्केल्ला त्या चित्राकडे बघत राहिली. आपल्या तोंडात इतकी वर्षं एक शाळकरी पोर बसून आहे आणि आपल्याला पत्ता नाही, असं काहीतरी तिला वाटून गेलं.

अर्गिरोनं मग सगळं नीट उलगडून सांगितलं. पूर्ण वाढलेला दात असता तर नेहमीचं रूट कॅनाल करून, आतली पोकळी साफ करून, रबरासारख्या चिकाच्या कांड्यांनी भरून टाकली असती. हा चिकही एका झाडाचाच, हे ऐकल्यावर मार्केल्लाचे कान टवकारले. कुठलं झाड? मलायाकडचं. मस्तकीपेक्षा चांगला असतो? चघळायला नाही, अर्गिरो हसून म्हणाली. पण इथे खाली तळच नाही, भरलेलं बाहेर निसटेल. त्यामुळे उघड्या टोकाला आधी सिमेंटचं बूच बसवावं लागेल. ते काम खात्रीचं, मात्र भिंती अंड्याच्या टरफलासारख्या पातळच राहणार. दुसरा मार्ग, दात काढून हाडात स्क्रूचा दात बसवायचा.

आणि तिसरा एक होता. तो सांगताना अर्गिरोचा आवाज किंचित बदलला. पोकळी सौम्य औषधानं धुवायची, काही आठवडे आत औषध ठेवायचं, आणि दाताची घाण पूर्ण गेली की मुळाच्या पलीकडच्या जिवंत मांसाला बारीक सुईनं टोचून रक्त वर आणायचं. पोकळी रक्तानं भरू द्यायची, ते गोठलं की वरून झाकण घालायचं. त्या रक्ताच्या गाठीचा आधार घेऊन शरीर आत स्वतःचं काहीतरी उभं करतं. लहान मुलांत हे चांगलं चालतं, तिनं स्वतः दोघांवर केलं होतं. मोठ्या माणसांवर आता जगभर होऊ लागलं होतं, पण तिनं कधी केलं नव्हतं. मोठ्या वयात शरीराची ती उभारी कमी असते, हेही तिनं लपवलं नाही.

"म्हणजे दात परत जिवंत होईल?" मार्केल्लानं विचारलं.

"जुना जीव परत येईल असं मी म्हणणार नाही. आत जे येतं ते बहुतेक वेळा हाडासारखं किंवा साध्या मांसासारखं असतं. पण ते तुमचंच असेल. सावली जाईल, टोक कदाचित मिटेल. नाही जमलं तर बुचाचा मार्ग आहेच."

मार्केल्लानं विचार करायला आठवडा मागून घेतला. खरं तर बसमध्ये बसेपर्यंतच तिचं ठरलं होतं. ज्या पोरीनं न विचारता, मोठ्या माणसावर मी हे कधी केलं नाही, असं सांगितलं, तिच्या हातात तोंड द्यायला तिला भीती वाटत नव्हती.

संध्याकाळी स्त्रातिस ओट्यावर आला. त्याला हे मुळीच पटलं नाही. "इंजिनाचा भाग बाद झाला तर आम्ही बदलून टाकायचो," तो म्हणाला. "त्यात जीव यायची वाट बघत नव्हतो बसत. काढून टाक आणि स्क्रूचा लाव."

मार्केल्ला वांगी तळत होती. तिनं सहज, मागे न बघता, एक्स-रेत पाहिलेलं सगळं सांगितलं. मूळ कसं आखूड राहिलं, भिंती कशा पातळ, आणि तो दात नऊ वर्षांचाच कसा राहिलाय. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की मागून उत्तर येत नाहीये. ती वळली तेव्हा स्त्रातिस उठून गेला होता. ताटात घेतलेला पावही तसाच होता.

पायऱ्या वगैरे काही नव्हत्या. ती नऊ वर्षांची होती, स्त्रातिस बारा. विहिरीवर पाणी काढताना तो रिकामी बादली दोरीला बांधून डोक्यावरून गरागरा फिरवत होता, आणि ती, मलाही दे, मलाही दे करत जवळ गेली. बादलीची लोखंडी कड तिच्या तोंडावर बसली. रक्त बघून तो इतका पांढरा पडला, की रडण्याऐवजी तीच त्याला म्हणाली, मी पायऱ्यांवरून पडले म्हणून सांगते. बाप मारकुटा होता. तिनं तसंच सांगितलं, आणि त्यानंतर दोघांनी त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. चार वर्षांनी तो जहाजावर गेला.

दुसऱ्या आठवड्यात ती बसच्या थांब्याकडे निघाली, तर स्त्रातिसची गाडी दारात चालू उभी. "बस," एवढंच तो म्हणाला. कारण विचारायची गरज तिला वाटली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी तोच तिला नेऊ लागला, आणि तासभर दवाखान्याबाहेर गाडीत बसून राहू लागला.

पहिल्या खेपेला दात उघडून धुतला. तोंडावर रबरी पडदा ताणून बसवल्यामुळे मार्केल्लाला बोलता येईना, हीच तिला सगळ्यात मोठी शिक्षा वाटली. आत चुन्याची पांढरी लुगदी भरून वरून तात्पुरतं बंद केलं. मस्तकी गळायच्या आधी झाडाखाली पांढरी माती पसरतात, तसंच का ग हे, असं तिनं पडदा काढल्याबरोबर विचारलं. अर्गिरो म्हणाली, साधारण तसंच, जागा स्वच्छ ठेवायला. आठवडाभरात पुळी बसली. तीन आठवड्यांनी कुबट चव पूर्ण गेली.

मग रक्त आणायचा दिवस आला. अर्गिरोनं साधी भूल दिली. नेहमीच्या भुलीत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं, ते आज नको होतं. लुगदी धुऊन काढली, पोकळी कोरडी केली, वाकवलेली बारीक सुई मुळाच्या टोकापलीकडे नेऊन टोचली. आणि वाट पाहिली. रक्त आलं नाही. पुन्हा टोचलं. सुईच्या टोकाला लालसर डाग, बस. मोठ्या माणसात असं होतं, हे अर्गिरोनं वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि खुर्चीवर आईच्या ओळखीची बाई डोळे मिटून पडलेली असणं वेगळं. तिचा हात थांबला. आज राहू दे, बुचाचंच करू, असं ती बोलूनही गेली.

मार्केल्लानं डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. तिनं हात वर करून बोटानं हवेत एकदा खाली खूण केली, आणखी. घाई नसल्यासारखी, जशी ती टेबलावर एखादीला सुरी थोडी खोल घाल म्हणून खुणावायची तशी.

तिसऱ्या वेळी अर्गिरोनं सुई जरा फिरवली, आणि पोकळीच्या तळातून रक्त हळूहळू चढत वर आलं. हिरडीच्या रेषेच्या थोडं खाली ते पोचलं तेव्हा तिनं सुई काढली आणि दहा-बारा मिनिटं ते गोठायची वाट पाहिली. गाठ धरली. त्यावर विरघळणारा एक पातळ चकतीसारखा तुकडा, त्यावर सिमेंटचं झाकण, त्यावर दाताच्या रंगाचं भरण. बाहेर आल्यावर मार्केल्लानं स्त्रातिसला सांगितलं की रक्त आलं, आणि त्या माणसानं गाडी चालू करायच्या आधी चष्मा काढून दोनदा पुसला.

पुढे काही घडत नसल्यासारखे महिने गेले. जूनमध्ये एक्स-रे काढला तर सावली निम्म्यानं कमी झालेली. ऑगस्टमध्ये मार्केल्लानं झाडांना चिरा दिल्या, सप्टेंबरात डिंक गोळा केला, आणि थंडीत पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. थेंब मात्र ती आता बाजूच्या दातांनी दाबायची. आता पारख तेवढीच पक्की होती, पण तिला स्वतःला त्याची सवय व्हायला वेळ लागला.

वर्ष भरलं तेव्हाची भेट तिच्या लक्षात राहिली ती वेगळ्याच कारणानं. सावली पूर्ण गेली होती, त्यामुळे अर्गिरो आधीच खुशीत होती. आता एकच बघायचं राहिलंय, ती म्हणाली, थंड कळतं का ते. काही जणांना कळायला लागतं, आणि तसं झालं तर आत संवेदना पोचली असं म्हणता येईल. फवाऱ्यानं गारठवलेला कापसाचा बोळा ती दाताला लावणार होती, आणि थंड लागलं की मार्केल्लानं हात वर करायचा होता. शेजारच्या चांगल्या दाताला लावला. मार्केल्लाचा हात लगेच वर. मग राखाडी दाताला.

काही लागलं नाही. मार्केल्ला वाट बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर, वितीच्या अंतरावर, मास्कच्या वरचे अर्गिरोचे डोळे होते. श्वास रोखून धरलेले डोळे. मार्केल्लानं हात वर केला.

अर्गिरोचा चेहरा असा उजळला, की मार्केल्लाला क्षणभर आपण फार चांगलं काम केलं असं वाटलं. पोरीनं घाईनं काहीतरी लिहून घेतलं आणि नियमाप्रमाणे पुन्हा एकदा बोळा लावला. मार्केल्लानं पुन्हा हात वर केला.

अर्गिरोनं चिमटा सावकाश खाली ठेवला. हा बोळा कोरडा होता, न गारठवलेला.

मग अर्गिरोनं मास्क खाली ओढला. ती चिडली नव्हती, पण हसतही नव्हती.

"तुमच्या टेबलावर कुणी नासका थेंब चांगल्या ढिगात टाकला तर चालतं, मावशी?"

"नाही चालत."

"मग इथे का टाकलात?"

तुझं तोंड उतरलेलं बघवलं नसतं, हे खरं उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. अर्गिरो शांतपणे म्हणाली, की उद्या एखादा डॉक्टर ही नोंद वाचून त्याच्या माणसाला सांगेल, थंड कळेल तुम्हाला. मला चांगली बातमी नको, झालं ते हवंय. तिनं लिहिलेली ओळ खोडली आणि वर नवीन लिहिली. मार्केल्ला पन्नाशी उलटलेली बाई, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचे कान तापले होते.

गाडीत तिनं सगळं स्त्रातिसला सांगून टाकलं. कालामोती गावाच्या फाट्यावर त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"तुला ती खोडच आहे," तो म्हणाला. "समोरच्याचं तोंड उतरलेलं बघवत नाही तुला. माझंही नव्हतं बघवलं."

मार्केल्ला मांडीवरची पिशवी चाचपत राहिली.

"त्या दिवशी तू खरं सांगितलं असतंस ना, तर मार खाऊन मी मोकळा झालो असतो," स्त्रातिस म्हणाला. "चार वळ उठले असते, आठवड्यात गेले असते. तसं झालं नाही. मग मी जिथे जिथे गेलो, तिथे ती बादली माझ्याबरोबर आली."

"मला वाटलं तुला वाचवलं मी, दादा."

"वाचवलंसच. मी कुठे नाही म्हणतोय." त्यानं नाक शिंकरलं. "पण मला माफी मागायची होती आणि तू जागाच ठेवली नाहीस. आता मागतो. चुकलं माझं."

मार्केल्लानं त्याच्या हातावर हात ठेवला. झालं रे, लहान होतास, असं नेहमीचं बोलणं तिच्या ओठांशी आलं होतं. ते तिनं गिळलं.

"खूप दुखलं होतं," ती म्हणाली.

स्त्रातिसनं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं गाडी चालू केली. त्या रात्री तो बहिणीकडेच जेवला आणि डाळीत मीठ कमी आहे म्हणून नेहमीसारखा कुरकुरला.

त्यानंतर मार्केल्ला बदलली असं म्हणणं जास्त होईल. ती पूर्वीइतकीच बडबडी राहिली. पण बायकांच्या लक्षात एक गोष्ट आली. पूर्वी एखादीनं नवीन केलेला मुरंबा चाखायला दिला, की ती आधीच छान म्हणून मोकळी व्हायची. आता चमचा तोंडात ठेवून थांबायची. एकदोघींना ते झोंबलंही. एकीनं तर तोंडावर विचारलं, की दाताबरोबर जिभेचंही काही करून घेतलंस की काय?

दुसरं वर्ष भरलं तेव्हा ती एकटीच आत गेली आणि या खेपेला स्त्रातिस गाडीत न बसता बाहेरच्या बाकावर येऊन बसला. एक्स-रेत मुळाचं उघडं तोंड आता मिटलेलं होतं. भिंती जाड झाल्या होत्या का, यावर अर्गिरो पुष्कळ मापं घेऊन म्हणाली, टोकाजवळ थोड्याशा, वर नाही. मूळ आखूडच राहणार. पण हाड भरून आलंय, दात पक्का आहे.

मग बोळा. या वेळी मार्केल्लानं डोळे मिटून घेतले, म्हणजे पोरीचं तोंड दिसायला नको. अर्गिरोनं पाच वेळा लावला, कधी गार, कधी कोरडा, काही न सांगता. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मार्केल्लाची बोटं हलली, पण हात वर गेला नाही. चौथ्यांदा नाही. पाचव्यांदा नाही.

"तिसऱ्या वेळी काय झालं?"

मार्केल्लानं डोळे उघडले आणि नीट विचार केला. "थंड नाही म्हणणार मी. काहीतरी लागलं. तुझा हात जरा जोरात टेकला असेल. किंवा काही असेलही. सांगता येत नाही."

"तिसरा गार होता," अर्गिरो म्हणाली. "पण पहिला आणि पाचवाही गारच होते."

"मग सांगता येत नाही असंच लिही."

अर्गिरोनं तसंच लिहिलं. मग थोडी घुटमळून तिनं विचारलं, की वसंतात थेस्सालोनिकीला दाताच्या डॉक्टरांची बैठक आहे, तिथे ती या दाताबद्दल बोलणार आहे. नाव येणार नाही, फक्त चित्रं आणि नोंदी. चालेल का?

मार्केल्ला म्हणाली चालेल, पण एका अटीवर. पहिल्या वर्षी बाईनं खोटा हात वर केला होता, तेही सांगायचं. अर्गिरो म्हणाली, त्याची काही गरज नाही, ती ओळ तर आपण खोडलीय.

"सांग ग," मार्केल्ला म्हणाली. "कोरडा बोळा का लावायचा ते त्यांना कळेल."

अर्गिरोनं ते सांगितलं. तिथल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी म्हणे तेवढंच लिहून घेतलं. मार्केल्लाला हे कळलं तेव्हा ती झाडाखाली बसून बुंध्याभोवतीचं गवत काढत होती. अर्गिरोचा फोन ठेवून तिनं पलीकडच्या झाडाशी वाकलेल्या स्त्रातिसला हाक मारून सगळं ऐकवलं, आणि दोघं पुन्हा कामाला लागले.